ताकातला क्लच

धोंडाबाईचा भाऊ कोंडाजी बोटीवर नोकरीला होता. त्याने भाचीसाठी, रतनसाठी, परदेशातून प्लास्टिकच्या विटांचा एक खोका आणला. रंगीत, बोटाएवढ्या विटा, एकीवर दुसरी दाबली की घट्ट बसणाऱ्या. शिवाय खोक्यात दातेरी चाकं आणि दांडेही होते. रतनने पहिल्या दिवशी त्यांचं घर बांधलं आणि दुसऱ्या दिवशी तिच्या बापाने, भिमाजीने, ते पाडलं.

"अवं, पोरीचं घर कशापायी मोडलं?" धोंडाबाईने विचारलं.

"ह्या विटा घराच्या न्हाईत. दातं बघ ह्या चाकांचं! ह्याचा क्लच हुतोय."

भिमाजी पिंपरीकडच्या एका कारखान्यात फिटर होता आणि लोणावळ्याहून रोज जाऊन येऊन करायचा. दिवसभर लोखंड कानशीने घासून त्याचं समाधान होत नसे. घरी येऊनही हाताला काहीतरी लागायचंच.

"क्लच म्हंजी?"

"दोन चकत्या. एक फिरती, दुसरी गप उभी. भिडल्या की दुसरीबी फिरती. दांडा वढला की सुटल्या."

"म्हंजी नळावरच्या बाया," धोंडाबाई म्हणाली आणि भाकरी उलटवायला गेली.

क्लच झाला, पण नुसता फिरवून काय उपयोग? त्याला काम हवं. भिमाजीची नजर घरभर फिरली आणि ताकाच्या रवीवर थांबली. त्याने टेबलफॅनची पाती काढून ठेवली, पंख्याच्या दांड्याला लहान चाक, त्याला मोठं चाक, मग क्लच आणि शेवटी धोंडाबाईची सगळ्यात छोटी रवी जोडली. मे महिना होता. घरातली माणसं घामाने निथळत होती आणि ताक मात्र विजेवर घुसळलं जात होतं.

पहिल्या दिवशी ताक कॅलेंडरवर उडालं. मग भिमाजीने चकत्या दाबून धरणारं रबर सैल केलं. आता लोणी जमून रवी जड झाली, की चकत्या एकमेकींवरून घसरायच्या, 'टर्र टर्र' आवाज यायचा आणि रवी थांबायची. मोडतोड नाही, सांडलवंड नाही. भिमाजी खूश झाला. पण घसरणं हीच क्लचची हुशारी, हे बायकोला समजावून सांगायचं त्याला सुचलं नाही. त्यापेक्षा कारखान्यात बढाई मारणं सोपं होतं.

"प्लास्टिकचा क्लच? आणि लोणी काढतो?" फोरमन भेगडे हसले. टूलरूममध्ये, म्हणजे हत्यारं बनवायच्या विभागात, बढतीची एक जागा भरायची होती आणि नाव त्यांनीच सुचवायचं होतं. "रविवारी लोणावळ्याला येणारच आहे. दाखव बरं. खरं असेल, तर टूलरूमला तुझं नाव."

शनिवारी भिमाजीने शेवटची चाचणी घेतली आणि समाधानाने दाढी करायला गेला. धोंडाबाई मात्र काळजीत पडली. सगळं नीट फिरतं आणि ऐन लोणी यायच्या वेळी घसरतं. उद्या साहेबापुढे असंच घसरलं तर? बादलीची गळती बुजवायला तिने राळ तेलात कढवून चिकटा केलेला होता. तो तिने बोटाने दोन्ही चकत्यांना हलकेच फासला. नवऱ्याला सांगितलं नाही. उपकार बोलून दाखवायची तिला सवय नव्हती.

रविवारी भेगडे साहेब पांढराशुभ्र सदरा घालून आले. त्यांना चहा देऊन भिंतीशी खुर्चीवर बसवलं. भिमाजीने बटण दाबलं. रवी फिरली. ताकावर फेस आला.

"वा!" साहेब म्हणाले. "आवाजसुद्धा नाही."

"आता आयका, सायेब. लोणी आलं, की घसरंल."

लोणी आलं. घसरलं काही नाही. रवी जड झाली, तशी रवीबरोबर ताकाने भरलेली चरवीच फिरायला लागली. चरवीने ताकाचा एक फवारा भिंतीवर मारला आणि दुसरा साहेबांवर.

भिमाजीने क्लचचा दांडा ओढला. चकत्या सुटल्या नाहीत, दांडाच हातात आला.

"बटण! सायेब, तुमच्या मागं बटण!"

साहेबांनी डोळे पुसत बटण दाबलं. दिवा लागला. तोवर पंखा टेबलावरून चालत काठाशी आला होता. विटा लाह्यांसारख्या उडत होत्या. एक लाल वीट साहेबांच्या चहात बुडाली. शेवटी धोंडाबाईने वायर हिसडली. चरवी आणखी एक गिरकी घेऊन थांबली.

"आक्रीतच!" भिमाजी म्हणाला. "घसरला कसा न्हाई?"

"कसा घसरंल?" धोंडाबाई अभिमानाने म्हणाली. "म्या राळ लावलीया!"

 ताकाने भिजलेले भेगडे साहेब इतके हसले, की ठसका लागला. निघताना मात्र त्यांनी गंभीर चेहरा केला. "टूलरूमचं राहू दे, भिमाजी. पण तो खोका दे. रचनेत दोष कुठे आहे, ते शांतपणे तपासून देतो."

भिमाजीने गुडघ्यांवर बसून विटा वेचल्या आणि खोका दिला. रतन त्या संध्याकाळी बापाकडे पाठ फिरवून बसली. आपली बढती गेली आणि पोरीचं खेळणंही गेलं, या विचाराने भिमाजीला जेवण गेलं नाही. धोंडाबाई घरभर उडालेलं लोणी चमच्याने गोळा करत होती. 

पुढचा आठवडाभर साहेब त्याच्याशी बोलले नाहीत. तो समोर आला की ते दुसऱ्या मशीनकडे वळायचे. होळी नाही, सण नाही, पण शुक्रवारी साहेबांच्या कानामागे भिमाजीला पुरणाचा पिवळा ठिपका दिसला. उजव्या हाताला पट्टीही होती.

"सायेब," तो हळूच म्हणाला, "क्लच पुरणयंत्राला जोडला?"

साहेबांनी इकडेतिकडे बघितलं. "माळ्यापर्यंत गेलं रे पुरण. मंडळी कालपासून माहेरी आहेत."

"घसरला न्हाई?"

"घसरला असता, तर हिला माहेरी जावं लागलं असतं का?" मग त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "सोमवारपासून तू टूलरूमला. तिथे दार आतून लावता येतं, क्लच दोघं मिळून बघू. आणि येताना तुझा पंखा घेऊन ये. माझा जळला."