भ्रमरांबागारूंच्या गाठीतला पुरुष

भ्रमरांबागारूंच्या गळ्याच्या गाठीत पुरुष सापडला तो सोमवारी सकाळी, आणि दुपारच्या चहापर्यंत ही बातमी रुग्णालयाच्या कँटीनमध्ये पोहोचली होती. बातमीला पाय फुटतात म्हणतात. ही बहुधा लिफ्टने गेली असावी.

आता ही गाठ कुठली ते आधी सांगायला हवं, नाहीतर लोक भलताच अर्थ काढून मोकळे व्हायचे. भ्रमरांबागारू (गारू म्हणजे तेलुगूतलं 'बाई') म्हणजे तारनाक्याच्या एका रुग्णालयातल्या प्रयोगशाळेतल्या सगळ्यांत जुन्या टेक्निशियन. फार वर्षांपूर्वी त्यांच्या गळ्यातली थायरॉइडची गाठ त्याच रुग्णालयात काढली होती. शुद्धीवर आल्यावर बाईंनी पहिला प्रश्न काय विचारला असेल? "गाठ टाकून तर नाही ना दिलीत?" टाकली नव्हती. मग बाईंनी ती स्वतः मेणाच्या वडीत बसवून कपाटात ठेवली. "चांगली वस्तू वाया कशाला घालवायची? कामाला येईल कधीतरी," असं त्यांचं म्हणणं.

आणि ती आलीही कामाला. भावाची अस्थिमज्जा बहिणीला दिली, की ती तिच्या अंगात रुजली का, हे तिथे तपासतात. बहिणीच्या शरीरातला एक बारीक तुकडा मेणात बसवायचा, त्याचा कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढून काचेवर घ्यायचा आणि त्यावर एक खास रंग घालायचा. हा रंग फक्त पुरुषाच्या पेशीत असणाऱ्या गुणसूत्राला चिकटतो. अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाखाली हिरवा ठिपका चमकला, की समजायचं, भाऊ पोहोचला. पण रंग उगाच कुठेही चिकटत नाही ना, हे कळायला शेजारी एक दुसरी काच लागते, जिच्यात हिरवं काही दिसताच कामा नये. शंभर टक्के बाईमाणसाची काच. ती काच म्हणजे भ्रमरांबागारूंची गाठ. सगळे तिला 'अम्मा-काच' म्हणत, आणि इतकी वर्षं अम्मा-काचेने कुणाला कधी दगा दिला नव्हता.

मग नवा कॅमेरा आला. तोवर माणसं अम्मा-काचेचा एखादा कोपरा बघून "ठीक आहे" म्हणत आणि पुढच्या कामाला लागत. हा कॅमेरा मात्र सुनेने निवडलेले तांदूळ सासूने पुन्हा निवडावेत तसा अख्खी काच चाळायचा. त्याने पहिल्याच दिवशी अम्मा-काचेतून हिरवे ठिपके वेचून पडद्यावर मांडले. थोडेच होते, पण होते.

विभागप्रमुख डॉ. सत्यवती चष्मा काढून, पुसून, पुन्हा लावून बघत राहिल्या. "हे कुणाचं?" त्यांनी विचारलं.

खोलीत पुरुष दोनच. काप काढणारा चलपती आणि काचांवर रंग घालणारा कोटिलिंगम. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"मॅडम, माझी दाढी नाही," कोटिलिंगम लगेच म्हणाला.

चलपतीची होती. छातीपर्यंत रुळणारी दाढी आणि वर मानेवर अंबाडा. बायकोचं बाळंतपण सुखरूप झालं तर सगळे केस तिरुमलेच्या देवाला वाहीन, असा नवस त्याने बोलला होता. बाळंतपण सुखरूप झालं, मुलगी झाली, आणि आता मुलीचं जावळ नि बापाची दाढी असं दोन्ही मिळून उतरवायला सासरची अख्खी बस तिरुमलेला जाणार होती.

"ही दाढी कापांवर झडते," सत्यवतींनी निकाल दिला. "काढून टाक."

"मॅडम, ही माझी कुठंय? देवाची आहे. मी नुसती सांभाळतोय."

मग दाढीला पिशवी शिवली. ठिपके आलेच. मग तोंडावर मास्क, त्यावर पिशवी, त्यावर टोपी. ठिपके आले. इकडे रुग्णांचे अहवाल अडकले, कारण अम्मा-काच खोटी तर सगळंच खोटं. वॉर्डातून फोनवर फोन यायला लागले. शेवटी चलपती बिचारा एकटाच रात्रीच्या गाडीने तिरुपतीला गेला आणि गुळगुळीत डोक्याने लाडू घेऊन परत आला. सासऱ्यांनी फोनवरून त्याचा जो उद्धार केला, तो कोटिलिंगमला शेजारच्या टेबलावर ऐकू येत होता.

"आता पोरीच्या जावळाच्या वेळी देवापुढं काय ठेवू अम्मा?" चलपतीने भ्रमरांबागारूंना विचारलं.

"तोवर उगवेल रे थोडं. देव काय वजन करून घेतो?" असं म्हणून त्यांनी त्याच्या ताटात आणखी एक पळी पप्पू, म्हणजे घट्ट वरण, वाढलं.

कारण दुपारचं जेवण हे भ्रमरांबागारूंचं खरं घर होतं. नवरा गेल्यापासून त्या हब्सिगुड्याच्या फ्लॅटमध्ये एकट्या राहत. एकटीपुरतं रांधायचं कसं, हे त्यांना कधी जमलंच नाही. हातात तांदूळ घेतले की तिघाचौघांचेच निघत. मग चार पुडांचा डबा भरायचा, गोंगुऱ्याची, म्हणजे अंबाडीची, चटणी वर घालायची आणि ह्या दोघांना खाऊ घालायचं. समोर कुणी जेवत असेल तरच त्यांना घास गिळवत असे. सुट्टीच्या दिवशी त्या ताक पिऊन झोपत.

मुलगा होता. श्रीकर. आता तो अमेरिकेत असता, तर रोज व्हिडिओ कॉल केला असता, शेजारणींच्या मुलांसारखा. पण तो ह्याच शहरात, कोंडापूरला राहत होता. म्हणजे आईकडे केव्हाही येता येण्यासारखं होतं, आणि केव्हाही येता येतं तिथे माणूस कधीच जात नाही. फोन केला तर तो म्हणे, "अम्मा, मीटिंगमध्ये आहे, काही विशेष?" विशेष काही नसायचं. 'तुझी आठवण आली' ह्याला कोंडापूरमध्ये विशेष म्हणत नाहीत.

तर, चलपतीचा गोटा झाला त्या दिवशीही अम्मा-काचेत ठिपके आले, अगदी तितकेच. सत्यवतींचा धीर सुटला. त्यांनी दारावर कागद लावला: ह्या मजल्यावर पुरुषांना मनाई. चलपती आणि कोटिलिंगमची रवानगी तळमजल्यावर रक्ताच्या नळ्या मोजायला झाली. जेवणाची सुट्टीही तिथली वेगळी. आता काप भ्रमरांबागारूंनीच काढायचे, रंग त्यांनीच घालायचा, आणि चार पुडांचा डबा त्यांनीच उघडायचा.

पहिल्या दिवशी त्यांनी सवयीने तीन ताटं मांडली. मग दोन उचलून ठेवली. खोलीतल्या पंख्याचा आवाज इतका मोठा आहे हे त्यांना त्या दिवशी कळलं. त्यांनी भात कालवला, एक घास घेतला, आणि डबा बंद करून टाकला. फार वाईट वाटलं त्यांना. ज्या काचेपायी ही माणसं उठवली गेली ती काच त्यांचीच होती, आणि अपराधी कोण हे काही केल्या सापडत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ठिपके आलेच. आता त्या मजल्यावर बाईशिवाय कुणी फिरकलं नव्हतं. सत्यवतींनी दार लावून घेतलं आणि खुर्ची पुढे ओढली.

"भ्रमरांबागारू, एक विचारू? राग मानू नका."

"विचारा ना मॅडम."

"तुमच्या घरी… म्हणजे… कुणी पुरुष येतो का?"

भ्रमरांबागारूंनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "गॅसवाला येतो. पण तो सिलिंडर दाराबाहेरच ठेवतो."

"आत कुणी?"

"पंखा दुरुस्त करायला आला होता एकजण. संक्रांतीच्या आसपास. चहा घे म्हटलं, तर नको म्हणाला."

"तसं नाही. म्हणजे तुमच्या अंगाला, साडीला लागून काही इथं यावं असं… कुणाचा स्पर्श वगैरे…"

"मॅडम," भ्रमरांबागारू शांतपणे म्हणाल्या, "माझ्या अंगाला शेवटचा हात लागला तो रक्तदाब बघणाऱ्या सिस्टरचा. आणि ती बाई आहे."

सत्यवतींनी खुर्ची मागे सारली. त्या स्वतःही एकट्याच राहत असत, पण त्यांच्याकडे निदान एक कुत्रा होता. त्या उठून गेल्या, नि मान खाली घालून पुन्हा पडद्यासमोर बसल्या. आतापर्यंतच्या सगळ्या अम्मा-काचा त्यांनी एकीशेजारी एक लावल्या. एकाच वडीतून एकामागून एक काढलेले काप ते. आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की प्रत्येक कापात ठिपके त्याच ठिकाणी आहेत. खालच्या बाजूला, डावीकडे, एका घोळक्यात.

"भ्रमरांबागारू, इकडे या," त्यांनी हाक मारली. "धूळ वाऱ्यानं उडून येते ती रोज त्याच पाटावर बसते का कधी?"

"नाही."

"मग ही धूळ नाही. दाढी नाही, कोंडा नाही. हे वरून पडलेलं नाहीच. तुमच्या पेशींना खेटून, त्यांच्यामध्ये राहतंय. तुमच्या गाठीत आधीपासून आहे." मग त्यांनी एकदम वळून विचारलं, "तुम्हाला मुलगा आहे ना?"

"आहे. कोंडापूरला असतो."

"कोंडापूरला नाही. इथं असतो." सत्यवतींनी पडद्यावरच्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "पोटात असताना बाळाच्या काही पेशी आईच्या रक्तात उतरतात. उतरतात, आणि कुठंतरी बिऱ्हाड करतात. थायरॉइडमध्ये तर सापडतातच. मी वाचलं होतं हे, पण डोक्यातच आलं नाही. त्या बिचाऱ्याची दाढी घालवली मी."

भ्रमरांबागारू पडद्याजवळ सरकल्या. "किती दिवस राहतात?" त्यांनी विचारलं.

"जन्मभर."

"आणि मला पत्ता नाही," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले, पण रंग घातलेल्या काचा समोर होत्या म्हणून त्या दोन पावलं मागे सरकून रडल्या.

सत्यवतींना आपण केलेली ती घरच्या पुरुषाची चौकशी मनात फार खुपत होती. भरपाई म्हणून त्यांनी श्रीकरला स्वतःच फोन लावला. शास्त्रज्ञ बाई, मोजून मापून बोलणार. त्या म्हणाल्या, "तुमच्या आईच्या थायरॉइडच्या गाठीत काही पेशी सापडल्यात. त्या इतकी वर्षं लक्षात आल्या नव्हत्या. तुम्ही येऊन बघितलं तर बरं होईल." ह्यात एक अक्षर खोटं नव्हतं. पण असं ऐकून माणसाचं काय होतं ते प्रयोगशाळेत कुणी तपासत नाही.

कोंडापूर ते तारनाका हे अंतर, जे गेली दोन वर्षं कापता येत नव्हतं, ते त्या दुपारी तासाभरात कापलं गेलं. श्रीकर गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र तसंच लटकत असताना, घामाघूम होऊन जिन्यावरून धावत आला. दारावरचा 'पुरुषांना मनाई'चा कागद त्याने वाचलासुद्धा नाही.

"अम्मा, मला सांगितलं का नाहीस? किती पसरलंय?"

"काय पसरलंय?"

"ते पेशींचं."

"अरे, ते तू आहेस," भ्रमरांबागारू म्हणाल्या.

हे समजवायला सत्यवतींना पंधरा-वीस मिनिटं आणि दोन आकृत्या लागल्या. मग श्रीकर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसला. सगळीकडे निळ्या गोल पेशी दाटीवाटीने, आणि त्यांच्या मध्ये कुठेतरी हिरवा ठिपका.

"हा मी?"

"तूच."

"एवढासा?"

"होतासच एवढासा," भ्रमरांबागारू म्हणाल्या.

मनाईचा कागद निघाला. चलपती आणि कोटिलिंगम तळमजल्यावरून वर आले, आणि चार पुडांचा डबा दोन दिवसांनी पुन्हा तळापर्यंत उघडला. भ्रमरांबागारू वाढत होत्या आणि स्वतःही जेवत होत्या. श्रीकरने गोंगुऱ्याची चटणी तीनदा मागून घेतली.

"तुमच्यापायी माझी दाढी गेली बरं का," चलपती त्याला म्हणाला.

"मी काय केलं?"

"काही केलं नाहीत. आत नुसते बसून होता." कोटिलिंगमला भाताचा ठसका लागला. सत्यवतींनी जाहीर केलं, की आता अम्मा-काच निवृत्त, आता मुलगा न झालेली बाई शोधायची, आणि तोवर कुणी आपल्याकडे तसं बघू नये.

जेवण झाल्यावर भ्रमरांबागारू श्रीकरला सोडायला खाली गाडीपर्यंत गेल्या. जीव भांड्यात पडलेला माणूस जसा मोकळा होतो तसा तो मोकळा झाला होता. भराभर बोलत होता.

"अम्मा, खरं सांगू? मला नेहमी वाईट वाटायचं. तू तिथं एकटी, मला यायला जमत नाही. पण आता बघ, सिद्धच झालं ना? मी कायम तुझ्याबरोबरच आहे. चोवीस तास. आता तू उगाच वाट बघत बसू नकोस."

तो हे मनापासून म्हणाला. भ्रमरांबागारूंनाही ते कळलं. त्यांनी त्याचं उलटं झालेलं ओळखपत्र सुलटं केलं.

"हो रे," त्या म्हणाल्या. "पण तो जेवत नाही."

श्रीकरने उघडलेलं गाडीचं दार पुन्हा लावलं. मागच्या गाडीवाल्याने हॉर्न दिला. मग त्याने विचारलं, "रविवारी तू किती वाजता जेवतेस?"

भ्रमरांबागारूंनी वेळ सांगितली. मग, तो विसरेल म्हणून, पुन्हा एकदा सांगितली.