हात लावायचा नाही!

"माझ्या पोरीची बोटं म्हणजे माझीच बोटं! बघाच तुम्ही, शाळेच्या पहिल्या दिवशी बाईंना थक्क करते की नाही!" टेलरमास्तर दुकानात येईल त्याला सांगत सुटले होते. येणारेही सगळे त्याच शाळेचे पालक. बालवर्गाच्या पंधराच्या पंधरा शर्टांचं काम मास्तरांकडेच होतं.

शाळेची चिठ्ठी आली होती. मुलं एका पायावर उड्या मारतात का, मणी ओवतात का, चेंडू झेलतात का आणि शर्टाची बटणं आपली आपण लावतात का, हे बाई बघणार होत्या. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'पालकांनी हात लावू नये.'

मग काय! मास्तरांनी सगळ्यात आधी आपल्या छकुलीचा शर्ट शिवला आणि सराव सुरू केला. उड्या, मणी, चेंडू, सगळं फर्स्टक्लास! पण बटण? छकुली जीभ बाहेर काढून झटायची, बटण काही लागायचं नाही.

"बाबा, ते आत जातच नाही!"

"जातं! जोर लाव!"

"अहो, मी बघू का जरा?" बायकोनं विचारलं.

"खबरदार! हात लावायचा नाही!"

चार दिवसांत मास्तरांचा चेहरा पार उतरला. टेलरची पोर आणि तिला बटण लागत नाही? बोटांत काही दोष तर नसेल ना? जेवण जाईना, मशीनवर लक्ष लागेना. बाकीचे चौदा शर्ट त्यांनी कसेबसे उरकले आणि शाळेच्या आदल्या संध्याकाळी वाटून टाकले.

दुसऱ्या दिवशी वर्गात मास्तर जीव मुठीत धरून उभे होते. चिठ्ठीला मान देऊन सगळ्यांनी पोरांना उघड्या बटणांनीच आणलं होतं. छकुलीनं बटण धरलं. नाही लागलं! मास्तरांनी डोळेच मिटून घेतले. उघडून बघतात तर शेजारच्या मुलालाही लागत नव्हतं. पलीकडच्या मुलीलाही नाही! पंधराच्या पंधरा पोरं घामाघूम, आणि भिंतीशी उभ्या आया "अरे, नीट बघ ना!" म्हणून ओरडताहेत. मास्तरांना इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! दोष असलाच तर सगळ्यांच्याच पोरांत होता.

"बाई गं! असा वर्ग नाही पाहिला कधी," म्हणत बाई छकुलीपुढे वाकल्या. त्यांनाही बटण लागेना. त्यांनी शर्ट काढून उजेडात धरला.

"मास्तर, ही काजं चिरायची कोणी?"

मास्तर गारच पडले. आधी सगळी काजं शिवायची आणि ब्लेडनं चिरायचं काम शेवटी एकदम उरकायचं, ही त्यांची पद्धत. या खेपेला पोरीच्या काळजीत ते शेवटचं कामच राहून गेलं होतं!

"म्हणजे... पोरीची बोटं ठीक आहेत?"

"उत्तम आहेत! तुमचं डोकं तेवढं तपासून घ्या."

मास्तरांना हसू आवरेना आणि डोळेही भरून आले. चौदा आया काय काय बोलल्या, त्यातलं अक्षरही त्यांच्या कानात शिरलं नाही.

ब्लेड आलं, शर्टांची चळत लागली. मास्तर एकेक काज चिरत सुटले. पण छकुलीचा शर्ट टेबलावर आला आणि चार दिवसांच्या झटापटीनं चुरगळलेल्या त्या काजात ब्लेड काही जाईचना.

"छकुले, जरा कापड ताणून धर गं!"

छकुलीनं दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"हात लावायचा नाही, बाबा. जोर लावा!"