दगडात करंट असतो का?

वायरमनच्या मुलीने फिजिक्स सोडून दगड घेतले, ही बातमी वायरमनला मंगळवारी दुपारी भरल्या ताटावर कळली.

"भूगर्भशास्त्र," मुलगी म्हणाली. "दुसऱ्या वर्षापासून. सकाळीच अर्ज देऊन आले."

"म्हणजे दगड?"

"दगड, माती, खनिजं..."

"मातीपर्यंत आलीस, म्हणजे झालंच." त्याने घास ताटात परत ठेवला. "अगं, दगडात करंट असतो का?"

बावीस वर्षं पक्कड आणि टेस्टर घेऊन फिरलेल्या या माणसाचं जगाविषयीचं सगळं मत त्या एका प्रश्नात होतं. ज्यात करंट आहे ते खरं, बाकी सगळं फर्निचर. मुलगी फिजिक्सला गेली तेव्हा त्याने शिडीवरून खाली न उतरता गिऱ्हाइकांना सांगितलं होतं, "मला नुसती वायर जोडता येते. ती का चालते, हे आता पोरगी सांगणार." वर्षभर तो त्या सांगण्याची वाट बघत होता, आणि पोरगी दगड निवडून मोकळी झाली होती.

खरं तर दगड घरात आधीपासूनच होते. खिडकीत, कपाटात, आईच्या शिलाई मशीनच्या खणात. कापड बेतताना आई त्याच्या कोपऱ्यांवर तेच ठेवायची आणि म्हणायची, "पदरात दोन धोंडे होतेच, त्यात ही भर." तरी मुलीच्या अर्जावर पालक म्हणून सही तिनेच केली होती. अर्थात नवऱ्यासमोर हे बोलायची तिला घाई नव्हती.

वायरमन दुपारी जेवला नाही, संध्याकाळीही नाही. बुधवारी कार्यालय उघडायच्या आधीच तो कॉलेजच्या खिडकीशी उभा होता. नियम साधा होता. शनिवारी एक वाजेपर्यंत विद्यार्थ्याने किंवा पालकाने कितीही अर्ज द्यावेत, त्यातला शेवटचा खरा. अर्जात 'बदलाचे कारण' असा रकाना होता. त्याने तिथे एक ओळ खरडली. खिडकीतल्या म्हाताऱ्या कारकुनाने ती वाचली, अर्ज खणात टाकला आणि म्हणाला, "शनिवारी सकाळी कच्ची यादी लागेल."

घरी सांगायला मात्र त्याची जीभ रेटेना. मुलीने तोवर सगळे दगड कागदात गुंडाळून एका खोक्यात भरले होते. गुरुवारी सकाळी होल्डर शोधताना त्याने चुकून तेच खोकं उघडलं. सगळ्यात वरच्या पुडीवर मुलीच्या अक्षरात लिहिलं होतं: 'नमुना क्रमांक एक. गारगोटी. कुठे सापडली: बाबांच्या खिशात.'

वायरमन शिडीच्या पायरीवरच बसला. त्या वेळी मुलगी सहा वर्षांची होती. एकदा वायरमनच्याच घरातली वीज गेली, आणि पोरीने अंधाराला घाबरून भोकाड पसरलं. तेव्हा त्याने खिशातल्या दोन गारगोट्या एकमेकींवर घासल्या होत्या. भस्सकन पिवळा उजेड चमकला आणि तो म्हणाला होता, "बघ, दगडात पण लाइट असते." आपलेच दात आणि आपलेच ओठ! होल्डर राहिला बाजूला, त्याने तडक कॉलेज गाठलं आणि दुसरा अर्ज भरला.

त्याला काय माहीत, की तासाभरापूर्वीच मुलगी तिथे येऊन स्वतःचा दुसरा अर्ज देऊन गेली होती. बापाचं तसंच परत जाणारं ताट तिला बघवलं नव्हतं.

शनिवारी यादीतच कळेल, असं दोघांनी आपापल्या मनाशी ठरवलं आणि घरात गुळणी धरली. वायरमन आता रुसलेला नव्हता, लाजलेला होता. पण ताटापुढे दोन्ही सारखंच दिसतं. आईने दोन दिवस ते पाहिलं आणि शुक्रवारी ती स्वतः खिडकीशी गेली.

"दगड नको, वीज नको. तिसरं काय आहे?"

"संख्याशास्त्र."

"त्यातलं काही घरात आणून ठेवावं लागतं?"

"नाही."

"शॉक बसतो?"

"परीक्षेत बसतो."

"चालेल. तेच द्या."

शनिवारी साडेबाराच्या सुमारास तिघंही एकमेकांना न सांगता कॉलेजात आले आणि सूचनाफलकासमोर एकमेकांवर आदळले. यादीत मुलीच्या नावापुढे विषयच नव्हता. 'कार्यालयात भेटावे' असा शेरा होता.

कारकुनाने खणातून टाचणी लावलेले पाच अर्ज काढले. "तीस वर्षं या खिडकीत आहे. घरातली सगळी येऊन गेल्याशिवाय मी शिक्का मारत नाही. ऐका आता." त्याने चष्मा चढवला आणि कारणं वाचायला सुरुवात केली. "मुलगी, मंगळवार: 'आवड.' वडील, बुधवार: 'दगडात करंट नसतो.' मुलगी, गुरुवार, फिजिक्सच राहू दे: 'बाबा जेवत नाहीत.' वडील, गुरुवार, भूगर्भशास्त्र द्या: 'दगडात लाइट असते, मी स्वतः दाखवली आहे.' आई, शुक्रवार: 'घरात कोणीतरी बोलावं.'"

आईने पदराने नाक पुसलं.

"नियमाने शेवटचा अर्ज खरा," कारकून म्हणाला. "म्हणजे संख्याशास्त्र. एकला दहा कमी आहेत."

"कोरा अर्ज द्या!" वायरमन ओरडला.

"बाबा, फिजिक्सच लिहा. मला चालेल, खरंच."

"मला नाही चालणार! दगडच घ्यायचे, सांगून ठेवतो! एवढी शिकलेली पोर, आणि बापाचं एक ऐकेल तर शपथ!"

त्याने भराभरा अर्ज भरला. कारणाच्या रकान्याशी पेन थांबलं. एकला चार कमी असताना त्याने लिहिलं, 'सुरुवात मी केली होती.' कारकुनाने ते दोनदा वाचलं आणि शिक्का असा हाणला की शेजारच्या खिडकीतली बाई दचकली.

बाहेरच्या बाकावर आईने पिशवीतून डबा काढला. "आता दोघं मुकाट्याने जेवा."

"ए, ती गारगोटी का चमकते गं?" वायरमनने विचारलं. मुलगी सांगायला लागली. तिच्या बोलण्यात वीज आली, दाब आला, स्फटिक आले. त्याला निम्मं कळलं, निम्मं नाही, पण वर्षभर ज्याची वाट बघितली ते हेच होतं. ऐकता ऐकता त्याने चार दिवसांनी पोटभर जेवायला सुरुवात केली.

"आणि मीठसुद्धा खनिजच, बाबा. म्हणजे एका अर्थी दगडच."

वायरमनने भाजीचा घास चावला, थांबला आणि बायकोकडे वळला.

"अगं, ऐकलंस का? आजच्या भाजीत एक दगड कमी पडलाय."