प्रस्तावनासाहेबांचं एक वाक्य

मालकीणबाईंनी लाँड्रीचं काम बघणाऱ्या साहेबांना टेबलाशी बोलावलं आणि म्हणाल्या, "थोडक्यात बोलायला शिका. नाहीतर पुढच्या महिन्यापासून हिशेबाच्या खोलीत बसा." संपलं. मालकीणबाईंचं सगळंच असं तोलूनमापून. फोनवरच्या गिऱ्हाइकालाही त्या "होऊन जाईल" यापलीकडे काही देत नसत.

हिशेबाच्या खोलीत एक कपाट होतं, एक पंखा होता आणि भिंतीकडे तोंड केलेली एक खुर्ची होती. बोलायला माणूस नव्हता. साहेबांसाठी ही शिक्षाच होती. लाँड्रीतली माणसं त्यांना पाठीमागे प्रस्तावनासाहेब म्हणत, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. रोज सकाळी काम वाटून देताना ते चांगला साबण कसा ओळखावा इथून सुरुवात करत, मग आपल्या पहिल्या नोकरीत जात, तिथून सासऱ्यांच्या पाठदुखीकडे वळत आणि सगळीकडे फिरून झालं की "तर मुद्दा काय" असं म्हणून त्या दिवसाचं काम सांगत. माणूस अतिशय प्रेमळ. समोरच्याला दोन शब्दांत वाटेला लावणं त्यांना कंजूषपणाचं वाटे, इतकंच.

पण आता गळ्याशी आलं होतं. रविवारभर त्यांनी घरी सराव केला. बायकोने भाजी कोणती करू विचारलं, तर "कुठलीही." बहिणीकडे जाऊन येऊ का विचारलं, तर "जा." संध्याकाळपर्यंत त्यांचं डोकं न बोललेल्या गोष्टींनी जड झालं, पण ते हटले नाहीत.

सोमवारी सकाळी सगळे नेहमीसारखे घड्या घालायच्या मोठ्या टेबलाभोवती जमले. साहेब उभे राहिले, त्यांनी एक खोल श्वास घेतला आणि म्हणाले, "आज दहाला वाफ बंद होणार, त्याआधी हॉटेलचे टेबलक्लॉथ उरका." आणि मागे वळून थेट केबिनमध्ये गेले. त्यांची छाती अभिमानाने भरून आली होती.

इकडे ते वाक्य कोणीच ऐकलं नव्हतं. यात कोणाचा दोष नव्हता. साहेबांच्या बोलण्याची सुरुवात ऐकायची नसते, हे तिथे नव्या माणसालाही पहिल्या आठवड्यात कळे. तेवढ्या वेळात इस्त्रीवाल्या मावशी केस नीट बांधून घेत, मशीनवाले काका उभ्या उभ्या राहिलेली झोप पुरी करत आणि ड्रायव्हर मोबाइलवर घरच्या चौकशा उरकून घेई. "तर मुद्दा काय" कानावर पडलं की सगळे एकदम जागे होत. आज ते आलंच नाही.

"काय म्हणाले?" काकांनी विचारलं.

"मला वाटलं तुम्ही ऐकताय," मावशी म्हणाल्या.

आत जाऊन पुन्हा विचारावं, तर इतकी वर्षं आपण ऐकतच नव्हतो हे कबूल केल्यासारखं. मग तर्क लढवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. काकांचं म्हणणं पडलं की एवढा बोलका माणूस एका वाक्यात निघून जातो, तेव्हा ते वाक्य काही चांगलं नसतं. मावशींना राहवेना. त्यांनी साहेबांच्या बायकोला फोन लावला, तर ती जणू वाटच पाहत होती.

"कालपासून हो आणि बरं याच्यापुढे गाडी जात नाही हो त्यांची," ती म्हणाली. "मीच विचारणार होते, तिकडे काही झालंय का?"

आता शंकेला जागाच उरली नाही. लाँड्री बंद होणार होती, आणि ते सांगायला साहेबांची जीभ रेटत नव्हती. मावशींनी डोळे पुसले. जायचंच असेल तर कोणाचं काही बाकी ठेवून जायला नको, असं त्यांनी ठरवलं, आणि कितीतरी दिवस कोपऱ्यात पडून राहिलेले सगळ्या गिऱ्हाइकांचे जाडजूड पडदे बाहेर काढले. काकांनी सगळी मशीनं पडद्यांनी भरली. शेवटचं काम म्हणून सगळ्यांनी ते अगदी जीव लावून केलं. टेबलक्लॉथच्या पिशव्यांकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही.

दहाला बॉयलर तपासणारा आला आणि त्याने वाफ बंद केली. साहेब टेबलक्लॉथच्या घड्या बघायला बाहेर आले आणि त्यांना दिसले पडदे.

"मी सकाळी सांगितलं होतं ना?" त्यांनी कसंबसं विचारलं.

मावशीच पुढे झाल्या. "सांगितलं असेल, साहेब. पण तुम्ही सुरुवातीला कधी कामाचं बोलत नाही, म्हणून आम्ही सुरुवातीला ऐकत नाही. आता लाँड्री बंदच होतेय, तर खरं ते सांगून टाकलं."

"बंद कोण करतंय?" हे दारातून आलं. मालकीणबाई उभ्या होत्या.

कोणी उत्तर देण्याआधीच दाराशेजारच्या त्यांच्या टेबलावरचा फोन वाजला, तो त्यांनी उचलला. हॉटेलचा मॅनेजर होता, आणि त्याला टेबलक्लॉथ बारापर्यंत हवे होते. आज "होऊन जाईल" म्हणायची सोय नव्हती. मालकीणबाईंनी फोन साहेबांपुढे धरला. "निस्तरा."

बोलताना साहेबांना दोन्ही हात मोकळे लागत, म्हणून त्यांनी फोन स्पीकरवर टाकला. आणि मग दोन दिवस अडवून धरलेलं सगळं बाहेर आलं. बॉयलर का तपासावा लागतो, आपण सकाळी काय म्हणालो, ते कोणी का ऐकलं नाही, पडदे किती स्वच्छ निघाले, हिशेबाच्या खोलीत खुर्ची कशी आहे, आणि मध्येच सासऱ्यांची पाठ. मालकीणबाईंनी कपाळाला हात लावला. आता हे गिऱ्हाईक गेलं, आणि आपणही खोलीत गेलो, हे साहेबांना बोलता बोलताच कळत होतं. पण थांबणं काही त्यांना जमेना.

पलीकडे मॅनेजर हसायला लागला.

"अहो, कार्यक्रम रात्रीचा आहे," तो म्हणाला. "पाचपर्यंत पाठवा."

"मग बारा का म्हणालात?"

"तुमच्याकडून नुसतं होऊन जाईल एवढंच कळतं. कधी, कसं, देव जाणे. त्या धास्तीने मी नेहमी आधीचीच वेळ सांगतो. आज पहिल्यांदा कोणीतरी सगळं नीट सांगितलं. यापुढे फोन तुम्हीच घेत जा."

हे सगळ्यांना ऐकू गेलं. लगेच प्रत्येकाला दुसरीकडे काहीतरी काम आठवलं, आणि वाफ परत आल्याबरोबर टेबलक्लॉथची मशीनं धडधडू लागली.

मालकीणबाई मात्र तिथेच उभ्या राहिल्या. "फोन तुम्ही घ्या," त्या म्हणाल्या. "त्या खोलीत नको." साहेबांचा जीव भांड्यात पडला. एवढं बोलून त्या निघून जातील असं त्यांना वाटलं, पण त्या हलल्या नाहीत.

"माझी मुलगीही त्या मॅनेजरसारखंच म्हणते," मालकीणबाई खालच्या आवाजात म्हणाल्या. "तिचा फोन आला की कशी आहेस, जेवलीस का, एवढं विचारून होतं. मग ती म्हणते, आई, अजून काही? आणि मला काही सुचतच नाही. तुम्ही एवढं बोलायला आणता कुठून?"

याचं उत्तर साहेबांकडे होतं, आणि ते भरपूर लांब होतं. त्यांनी एक खुर्ची पुढे ओढली आणि रुमालाने पुसली.

"बसा," ते म्हणाले.