खोततात्या आणि लंडनचं सरकार

इंग्लंडचा पंतप्रधान पडला की आमच्या गल्लीत जिलेबी वाटली जाते.

कोल्हापुरात जिलेबीचे दिवस ठरलेले आहेत. पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारी. त्या दिवशी झेंडावंदन चुकलं तरी चालेल, पण जिलेबीची पुडी घेतल्याशिवाय घरी पाऊल टाकायचं नाही. आमच्या गल्लीला मात्र एक जादा सण आहे आणि त्याची तारीख लंडनमध्ये ठरते. राजीनाम्याची बातमी आली की शेजारचे मारुती खोत, म्हणजे आमचे खोततात्या, इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडतात आणि गरम पुडी घेऊन दारोदार हिंडतात. "घ्या बाई, त्वांड ग्वाड करा. लंडनचं पडलं!"

मध्यंतरी तिकडे पंतप्रधान इतक्या भराभर बदलले की शालनकाकींनी, तात्यांच्या बायकोने, हात टेकले. त्यात एक बाई तर अशा आल्या आणि अशा गेल्या, की आदल्या पंतप्रधानाची जिलेबी आमच्या फ्रीजमध्ये अजून शिल्लक होती.

"तितं त्ये पडत्यात आन् हितं माझी साखर वाडतीया," काकी म्हणाल्या. "त्यास्नी म्हणावं, एकदा काय त्ये नीट पडा आन् गप बसा."

तात्यांची उभी हयात शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत गेली. वाळूचे साचे भरायचे, त्यात लोखंडाचा रस ओतायचा. त्याबरोबर युनियन. आवाज तिथलाच, भट्टीच्या घरघरीवर मात करणारा. निवृत्त झाल्यावर भट्टी राहिली शिरोलीत आणि आवाज आला आमच्या गल्लीत. मी जयसिंगपूरच्या शाळेत शिकवते, रोज एसटीने जाऊन-येऊन. संध्याकाळी डोकं उठलेलं असतं. नेमकी तीच वेळ तात्यांच्या गेट मीटिंगची.

गेट मीटिंग म्हणजे शिफ्ट सुटताना कारखान्याच्या फाटकावर घ्यायची सभा. तात्यांनी ती कॉलनीच्या फाटकावर सुरू केली. गटारीवरच्या फरशीवर चढायचं, एक हात कमरेवर ठेवायचा आणि दुधाची पिशवी घेऊन चाललेल्या माणसालाही "बंधूंनो" म्हणायचं. विषय एकच, इंग्लंडचं राजकारण. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. त्यांची मुलगी वैशू तिकडे उत्तरेकडच्या एका गावात सरकारी दवाखान्यात नर्स आहे, हे आम्हाला ठाऊक होतं, पण पोरगी परदेशी असलेले आईबाप गल्लीत आणखीही आहेत. त्यांपैकी कुणी तिथल्या मंत्रिमंडळासाठी फरशीवर चढत नाही.

"पंतप्रधान म्हंजे कोण?" तात्या विचारायचे आणि उत्तरही स्वतःच द्यायचे. "शिफ्टचा सुपरवायझर! ह्यो गेला, त्यो आला. पोरं खूश. पर गेटची किल्ली कुणाकडं? मालकाकडं! म्हणून खुर्चीकडं बगायचं न्हाय. बगायचं काय? दांडकं कुणाच्या हातात हाय!"

"दांडकं कुणाच्या हातात?" हा त्यांचा ठेवणीतला प्रश्न. तो ते कुठेही काढत. ट्रॅफिक हवालदाराला विचारला, सोसायटीच्या चेअरमनला विचारला. माझ्या भाच्याच्या लग्नात अंतरपाट धरलेला असताना नवरदेवाकडे बघून विचारला. मला तर दर परीक्षेच्या हंगामात ऐकावा लागतो.

समोरचे देसाई साहेब, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, एकदा वैतागून म्हणाले, "तात्या, अहो ते आपल्यावर राज्य करून गेले. आता पडले काय आणि राहिले काय, आपल्याला काय त्याचं?"

"गेलं की सायेब, पर दांडकं हितंच ठेवून गेलं. तुमच्या हापिसातल्या कपाटात हुतं, बगिटलं न्हाय?"

देसाईंनी त्यानंतर आठवडाभर त्यांना पेपर दिला नाही.

मग तिकडे निवडणूक झाली आणि स्वतःला कामगारांचा म्हणवणारा पक्ष मोठ्या बहुमताने आला. तात्यांनी त्या दिवशी जिलेबीबरोबर गुलालही आणला. माझं वाळत घातलेलं पातळ गुलाबी झालं, ते अजून गुलाबीच आहे. मी भांडायला गेले तर म्हणाले, "बाई, आपलं सरकार आलंया, पातळाचं काय घिऊन बसलाय!"

हे 'आपलं सरकार' काही त्यांना फार दिवस पुरलं नाही. एका दुपारी त्यांनी मला हाक मारून फोनवर एक चित्रफीत दाखवली. लंडनमधल्या एका चौकात पिकल्या केसांची माणसं सरकारने बंदी घातलेल्या एका संघटनेच्या बाजूच्या पाट्या हातात धरून गप्प बसली होती आणि पोलीस त्यांना एकेक करून उचलून नेत होते. एका आजीबाईंची काठी तिथेच पडून राहिली.

"पाटी हाय ती. पाटी म्हंजे काय बाँब हाय व्हय?" तात्या म्हणाले. त्यांचा आवाज एवढा खाली आलेला मी पहिल्यांदा ऐकला. "खुर्ची आपली झाली बाई. दांडकं काय खाली ठेवलं न्हाय कुणी."

मला वाटलं, राजकारणाचा भ्रमनिरास आहे, उतरेल दोन दिवसांत. त्यांच्या मनात खरं काय होतं ते कळायला एक रविवार जावा लागला.

दर रविवारी दुपारी वैशूचा फोन येतो. तात्या तिच्याशी असं बोलतात, की मध्ये फोन नसता तरी तिला ऐकू गेलं असतं. त्यामुळे तिथलं हवामान, तिथल्या भाज्या आणि तिच्या वॉर्डातले पेशंट आमच्या सगळ्या गल्लीला माहीत. त्या रविवारी मात्र तात्यांचं दार बंद होतं. थोड्या वेळाने काकी मला बोलवायला आल्या. "बाई, जरा येता? बापलेकीचं काय तर बिनसलंय."

मी गेले. फोन भिंतीला टेकवून ठेवलेला, त्यात वैशू. तात्या खुर्चीच्या काठावर.

"मतदान झालंय तात्या," ती सांगत होती. "संप ठरलाय. एकेका नर्सवर एवढी माणसं टाकल्यात की पेशंटला पाणी द्यायला वेळ गावत न्हाय. आमी समद्याजणी दवाखान्याबाहेर उभारणार. मी बी उभारणार."

आता तात्या टाळी वाजवणार, असं मला वाटलं. जन्मभर लोकांना गेटबाहेर काढलेला माणूस.

"तू नगं उभारू," तात्या म्हणाले.

काकींनी मान वर केली.

"व्हिसावरचं माणूस हाईस तू. दांडकं त्यांच्या हातात हाय. उद्या म्हनले जा माघारी, तर काय करशील? रजा टाक. आजारी हाय म्हणून सांग आन् घरात बस."

वैशू फोनच्या जवळ सरकली. मग म्हणाली, "तात्या, तुमच्या संपात सोनवणेकाका आजारी हाय म्हणून घरात बसलेते. त्यांच्या घरचा च्या तुमी पुना कधी पिलासा न्हाय. मी ल्हान हुतो, पर मला ध्यानात हाय."

कोल्हापूरच्या पोरी स्वतःबद्दल अशाच बोलतात, 'मी हुतो, मी गेलो' म्हणून. इंग्लंडात जाऊनही ती बोली सुटलेली नाही, हे मला त्या क्षणीसुद्धा बरं वाटलं.

"युनियननं सांगटलंय, कायदेशीर संप हाय, व्हिसाला काय व्हत न्हाय," ती म्हणाली. "आन् काय झालंच तर बगू की."

तात्यांनी फोन उचलला आणि बंद केला. इतकी वर्षं सरकारं पडताना बघून नाचणारा हा माणूस एका सरकारला मनापासून घाबरत होता. तिथला प्रत्येक नवा मंत्री, प्रत्येक नवा कायदा ते का धुंडाळत बसायचे, ते मला आत्ता कळलं. त्या दांडक्याच्या टप्प्यात त्यांची पोरगी होती.

त्यानंतर गेट मीटिंगा थांबल्या. तिकडच्या कुठल्याशा मंत्र्याने राजीनामा दिला, म्हणून देसाई साहेब स्वतःहून विचारायला आले, "तात्या, अर्ध्या पुडीची तरी जिलेबी?" तात्या म्हणाले, "पडू दे तिकडं," आणि आत गेले. देसाई माझ्याकडे येऊन म्हणाले, "तब्येत दाखवायला पाहिजे हो ह्यांची." ते खरोखर काळजीत होते.

संपाचा दिवस उजाडला. मे महिन्याची सुट्टी असल्याने मी घरीच होते. सकाळी दार वाजलं, बघते तर तात्या. हातात वेताची बुट्टी, तिच्यावर धुतलेलं धोतर.

"बाई, एक भाकरी द्या."

"तात्या, काकी बऱ्या आहेत ना?"

"बरी हाय. संपाची भाकरी हाय ही. घरटी एक."

मग उलगडा झाला. शिरोलीत संप झाला होता तेव्हा आसपासच्या गावांतून अशीच घरटी एक भाकरी यायची, वर मिरचीचा खर्डा. फाटकावर बसलेली माणसं त्यावर तगली. संप म्हटलं की भाकरी पोचवायची, एवढंच तात्यांना ठाऊक. आता त्यांची पोरगी संपावर होती आणि भाकरी पोचवायला मध्ये दोन-चार समुद्र होते.

मी भाकरी दिली. सगळ्यांनी दिली. देसाई वहिनींनी पोळ्या द्यायला काढल्या, तर साहेब त्यांच्यावर खेकसले, "पोळी नाही, भाकरी! संप आहे तो." मग त्या वहिनींनी आयुष्यात फारशा न थापलेल्या भाकऱ्या थापल्या. बुट्टी घेऊन तात्या रिक्षाने कुरिअरवाल्याकडे गेले. सोबत मीही गेले, कारण तिथे काय होणार ते मला दिसत होतं.

"तात्या, ही पोचंस्तवर संप मिटंल की," कुरिअरवाला म्हणाला. "आन् घरचं जेवण न्हाय घेत तिकडं. परवानगी लागती."

"भाकरीला बी व्हिसा?" तात्या म्हणाले. पण त्यात नेहमीचा जोर नव्हता. बुट्टी तशीच उचलून ते परत रिक्षात बसले आणि वाटभर धोतराचं टोक सारखं करत राहिले.

आम्ही कॉलनीच्या फाटकावर उतरलो तर सगळी गल्ली तिथे जमलेली. काकींनीच बोलावून आणली होती. त्यांच्या हातात फोन होता आणि फोनमध्ये वैशू, दवाखान्याबाहेरच्या फुटपाथवर. तिकडे सकाळ होती आणि भुरभुर पाऊस. तिच्या मागे कुणी केरळच्या, कुणी काळ्या, कुणी गोऱ्या बायका, हातात पाट्या. थोड्या अंतरावर दोन पोलीस उभे होते. वैशूने त्या बायकांना इंग्रजीत सांगितलं, हे माझे वडील, आमच्याकडचे युनियनवाले. बायकांनी मोठ्याने आरोळी ठोकली आणि भाषणाची वाट बघत उभ्या राहिल्या.

मी तात्यांना फरशीवर चढायला हात दिला. त्यांनी एक हात कमरेवर ठेवला.

"बंधूंनो," ते म्हणाले आणि थांबले. "हिला मी घरात बस म्हणून सांगटलं हुतं."

"जाऊ द्या की तात्या," फोनमधून वैशू म्हणाली.

"जाऊ दे कसं? समद्यांच्या म्होरं सांगतो. मी भ्यालो. ही भ्याली न्हाय. पोरगी माझी हाय."

तात्यांचा, वैशूचा आणि त्या बुट्टीत भाकरी टाकणाऱ्या आमच्या साऱ्या गल्लीचा मला अभिमान वाटला. काकींनी भाकऱ्यांवर खर्डा घालून एकेकाच्या हातात द्यायला सुरुवात केली. तात्यांच्याही हातात दिली.

त्यांनी ती तशीच धरली आणि फोनकडे बघून विचारलं, "काय खाल्लंस का गं?"

"न्हाय अजून. च्या घेतलाय सकाळी."

"मग खा जा आदी. आमी थांबतो."

आणि आम्ही थांबलो. भर दुपारच्या उन्हात सगळी गल्ली हातात भाकरी धरून उभी. पुढे उभ्या असलेल्या देसाई साहेबांनी घास मोडायला घेतला होता, तोही थांबवला. तिकडे वैशूने शेजारणीला काहीतरी सांगितलं. पिकल्या केसांच्या एका गोऱ्या बाईने डबा उघडला आणि त्यातला पाव तिच्या हातावर ठेवला. वैशूने एक घास तोंडात घातला, चावला, गिळला आणि फोनकडे बघून मान हलवली.

मग तात्यांनी भाकरी मोडली.