बसून उतरलेली टेकडी

नरेंद्रने मुलींना डोंगर चढायला शिकवायचं ठरवलं, तेव्हा त्याने स्वतः डोंगर फक्त हेंद्रेपाड्यातल्या बिल्डिंगच्या गच्चीवरून पाहिला होता. अंबरनाथच्या एका कारखान्यात तो स्टोअर सांभाळायचा. तिथली सगळ्यात मोठी चढण म्हणजे वरच्या फळीला लावलेली शिडी, आणि तीही तो दुसऱ्याला चढायला सांगायचा. पण मुली मोबाइलला चिकटल्यात, असं त्याची बायको यशोधरा मोबाइलमध्ये बघत म्हणाली आणि नरेंद्र पेटला.

त्याने आठवडाभर ट्रेकिंगचे व्हिडिओ पाहिले. भलीमोठी सॅक आणली, दोरी आणली, शिट्टी आणली. यशोधराने विचारलं, जांभूळ गावाच्या पलीकडच्या त्या टेकडीवर म्हशीसुद्धा जातात ना? निसर्गाला कधी गृहीत धरू नये, असं नरेंद्रने तिला समजावलं. हे वाक्यही व्हिडिओतलंच होतं.

जानेवारीतल्या रविवारी सकाळी तो सात वर्षांची जिज्ञासा आणि चार वर्षांची तेजस्वी यांना घेऊन पायथ्याशी रिक्षातून उतरला. रस्ता संपायच्या आतच तेजस्वी खाली बसली.

"माझे पाय संपले," तिने सांगितलं.

मग तेजस्वी खांद्यावर आली आणि पाठीवरची सॅक पोटावर गेली. आता नरेंद्रला स्वतःचे पाय दिसेनात. पुढून जिज्ञासा मागे वळून सूचना देत होती. डावीकडे शेण आहे, हे ती वेळेवर सांगायची. तिची डावी की आपली, हे नरेंद्रला शेणात पाय पडल्यावर कळायचं.

तरी माथा आला. वाऱ्याने त्याची छाती भरून आली. त्याने तिघांचा फोटो काढला आणि 'मुलींना निसर्गाची गोडी लावतोय' असं लिहून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. डबा खाऊन झाला आणि तो परत निघायला उठला.

चढताना सॅकच्या आड लपलेला उतार आता पूर्ण दिसत होता. नरेंद्र दोन पावलं मागे सरला आणि सॅकमधली दोरी शोधायला लागला. आपण दोरी वापरू, असं तो म्हणेपर्यंत दोघी मुली वाळलेल्या गवतावर बसल्या आणि घसरत खालच्या सपाटीवर पोचल्यासुद्धा. घाबरून त्याने शिट्टी वाजवली. तेजस्वीला वाटलं, खेळ सुरू झाला. ती समोर चरणाऱ्या शेळ्यांकडे धावत सुटली.

शेळ्यांच्या पलीकडे उतार आणखी तीव्र होता. नरेंद्रने पाऊल टाकलं, दगड निसटला आणि तो होता तिथेच फतकल मारून बसला. जिज्ञासाने धावत जाऊन बहिणीचा फ्रॉक पकडला, तिला एका झाडाखाली बसवलं, हलू नकोस असा दम दिला आणि ती पुन्हा वर बापाकडे आली.

"पप्पा, काय करतोयस?"

"जरा व्ह्यू बघतोय."

"डोळे मिटून?"

नरेंद्रने एक डोळा उघडला आणि लगेच मिटला. जिज्ञासा त्याच्या शेजारी टेकली, तिने त्याचा हात धरला आणि सांगितलं, आधी पाय, मग बूड, आणि खाली नाही, माझ्याकडे बघ. नरेंद्रने तसंच केलं. आधी पाय, मग बूड, असं करत तो सरकत सपाटीवर आला आणि त्याने तेजस्वीला इतकं घट्ट कवटाळलं की ती वैतागली.

वाळल्या गवतातली झाडून सगळी कुसळं मात्र त्याच्या पँटमधून आत गेली होती. परतताना त्याला रिक्षात बसताच येईना. तो सीटवर गुडघे टेकून, मागच्या काचेकडे तोंड करून राहिला. रिक्षावाल्याने आरशात एकदा पाहिलं आणि कुठल्या हॉस्पिटलला, एवढंच विचारलं.

संध्याकाळी नरेंद्र पलंगावर पालथा पडला होता आणि यशोधरा चष्मा लावून चिमट्याने एकेक कुसळ काढत होती. हसू आवरताना तिचा चिमटा मधूनच नको तिथे लागत होता. शेजारच्या खोलीत मुलींची चर्चा चालली होती.

"पुढच्या रविवारी पप्पाला न्यायचं?" तेजस्वीने विचारलं.

जिज्ञासाने बराच विचार केला. "नेऊ. पण आधी छोट्या टेकडीवर. आणि दोघींनी एकेक हात धरायचा."

यशोधरा थांबली. "ऐकलंत ना? जाणार का?"

नरेंद्रने उशीतून तोंड थोडं वर केलं.

"त्यांना विचार," तो म्हणाला, "नक्की धरणार ना?"