बारा किलोमीटरवरून दिसणारा बगळा

"बारा किलोमीटर!" तळघरे जेवणाच्या टेबलावर मूठ आपटत म्हणाले. "माझा टोलनाका बारा किलोमीटरवरून दिसला नाही, तर नाव बदलून टाकेन!"

तसं तळघरे हेही त्यांचं खरं नाव नव्हे. बावीस वर्षांच्या नोकरीत या वास्तुविशारदाने तळघरातले वाहनतळ, भुयारी रस्ते आणि सांडपाण्याचे बोगदे सोडून दुसरं काही बांधलं नव्हतं, म्हणून साहेबांनी ते चिकटवलं होतं. कामं एकदम चोख. पण सगळी जमिनीखाली! त्यांच्या आईचं दुखणं तेच. "शेजारणी मुलांनी बांधलेल्या इमारती दाखवतात. मी काय दाखवू? गटाराचं झाकण?"

आणि आता एकदाचं जमिनीवरचं काम हाती आलं होतं. हमरस्त्यावरचा नवा टोलनाका! साहेबांचा हुकूम होता, की नाका असा हवा, की त्यावरून सगळा प्रदेश ओळखला गेला पाहिजे.

प्रदेश कशासाठी प्रसिद्ध आहे हे ठरवायला समिती बसली. तीन बैठकांनंतर निष्कर्ष निघाला, की कशासाठीच नाही. शेवटी एका सदस्याला आठवलं, की लहानपणी त्याने तळ्यावर बगळा पाहिला होता. ठराव एकमताने मंजूर!

तळघऱ्यांनी बगळा काढला. साठ मीटर उंच, पांढराशुभ्र, मान ताठ, आणि पंख असे पसरलेले की सोळाच्या सोळा लेन सावलीत याव्यात. बायको शाळेत भौतिकशास्त्र शिकवायची. तिने वहीच्या मागच्या पानावर गणित करून दिलं.

"माळ सपाट आहे, आड काही येत नाही. बारा किलोमीटरवरून आरामात दिसेल. आपल्या गच्चीवरूनसुद्धा."

"आईला दिसेल?"

"चष्मा लावला तर."

तळघऱ्यांनी घाईघाईने भाताचा घास घेतला, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं.

बगळा उभा राहिला. आईने गच्चीवर खुर्ची टाकली आणि शेजारणींना पाळीपाळीने वर बोलावलं. "तो पांढरा ना? तो माझ्या मुलाचा!" आठवडाभर ती फक्त झोपायला खाली येत होती.

उद्घाटनाची सकाळ उजाडली. सोळा खिडक्यांत सोळा कर्मचारी, इस्त्री मोडेल म्हणून श्वाससुद्धा बेताने घेत बसले. दहा वाजले. साडेदहा वाजले. एक सायकलवाला आला. त्याला टोल नव्हता. अकराला रस्ता झाडणारं यंत्र आलं. ते नाक्याचंच होतं.

साहेबांचाही पत्ता नाही! तळघऱ्यांनी फोन लावला.

"साहेब, कुठपर्यंत आलात?"

"काही कळत नाही हो! ड्रायव्हरने गाडी डावीकडे घातली. दोन्ही बाजूंना शेतं आहेत, पुढे ट्रक, मागे ट्रक!"

मागून ड्रायव्हरचा आवाज आला, "सगळेच वळतात साहेब! बगळा दिसला की डावीकडे!"

घोटाळा असा होता. नाक्याच्या अलीकडे दहा किलोमीटरवर एक फाटा होता. तो शेताशेतांतून वळसा घालून नाक्याच्या पार पलीकडे पुन्हा हमरस्त्याला मिळत होता. आणि बगळा दिसायचा बारा किलोमीटरवरून! म्हणजे टोल चुकवावा की नाही, यावर विचार करायला प्रत्येकाला दोन किलोमीटर मोकळे. तळघऱ्यांना फाटा माहीत नव्हता, कारण त्यांचा नकाशा नवव्या किलोमीटरला संपत होता.

"लोकांना बगळा नीट दिसत नसेल," समितीने निदान केलं. त्याच्या डोळ्यांत दिवे बसवले. बगळा पंधरा किलोमीटरवरून दिसू लागला. आता तर लोक गप्पा मारत, निवांत वळू लागले! फाट्यावर चहाची टपरी आली, मग फोटोवाला आला, मग 'बगळा पॉइंट' अशी पाटी लागली. सगळा प्रदेश खरोखरच बगळ्यावरून ओळखला जाऊ लागला. फक्त बगळ्याखालून कोणी जात नव्हतं.

साहेबांनी तळघऱ्यांना बोलावलं.

"पंधरा दिवस देतो. गाड्या आल्या तर ठीक. नाही आल्या, तर बगळा पाडतो आणि तुम्ही परत बोगद्यात!"

तळघऱ्यांची भूक मेली. पाडला तर आई गच्चीवर कुणाला काय दाखवणार?

"अहो, दिसतो म्हणूनच अडचण आहे ना?" बायको पेपर तपासता तपासता म्हणाली. "मग दिसणार नाही असा करा. आकाशाच्या रंगाचा."

तळघरे कामाला लागले. काम चोख करण्याची खोडच ती! निळसर राखाडी रंगाच्या एकोणीस छटा बनवून घेतल्या. प्रत्येक छटेची फळी घेऊन सकाळ, दुपार, संध्याकाळ फाट्यावर उभे राहिले. डोळ्यांतले दिवे काढले. पंखांवर दोन फिकट ढगसुद्धा काढून घेतले.

पंधराव्या दिवशी सकाळी फाट्यावर ट्रकवाले बगळा शोधत मान उंचावून पाहत होते. बगळा नव्हता. बगळा नाही म्हणजे नाकाही नाही, असं समजून ते न वळता सरळ गेले, आणि थेट पंखांखाली जाऊन थांबले. सोळाही लेन भरल्या!

साहेबांनी तळघऱ्यांचा हात दोन्ही हातांत धरला. "असं काम क्वचितच पाहायला मिळतं हो! बगळा राहणार. कायमचा!"

तेवढ्यात आईचा फोन आला.

"अरे, बगळा कुठे गेला? माझ्या माहेरची माणसं आलीत, त्यांना गच्चीवर आणलंय. काहीच दिसत नाही!"

"काहीच नाही? चष्मा लावलायस?"

"लावलाय! नुसतं आकाश आहे."

"नीट बघ. चोच? पंखाचं टोक तरी?"

"नाही रे बाबा! सहा जणं डोळे फाडून बघतायत!"

तळघऱ्यांची छाती हातभर फुगली.

"मग सांग ना त्यांना, आई! ते जे दिसत नाहीये ना, तेही मीच केलंय!"